महामारी व गर्भारपण

एखाद्या संसर्गजन्य रोगाची साथ अनेक देशांत पसरली असता गर्भवती स्त्री, तिचा गर्भ व नवजात अर्भक यांना संभवणारे धोके आणि ते टाळण्यासाठी वेळोवेळी योजिलेले उपाय यांचा विचार प्रसूतिविज्ञान, साथरोगविज्ञान व सार्वजनिक आरोग्य या तिन्ही शाखांत केला जातो. साथीत गर्भवतीला अधिक धोका असतो, ही समजूत फार जुनी आहे. तिला आकडेवारीचा आधार मात्र विसाव्या शतकात मिळाला. त्यानंतरच्या शंभर वर्षांच्या इतिहासात एक गोष्ट पुनःपुन्हा आढळते. साथ आली म्हणजे गर्भवतींना असलेला धोका नव्याने उघडकीस येतो, आणि औषध किंवा लस तयार झाल्यावर तिचा लाभ त्यांना इतरांच्या मागाहून मिळतो. गर्भाला अपाय होऊ नये म्हणून बाळगलेली सावधगिरी हेच या विलंबाचे प्रमुख कारण ठरले आहे.

शारीरिक कारणे : गर्भारपणात स्त्रीच्या शरीरात होणारे बदल स्वाभाविक असले, तरी काही रोगांच्या बाबतीत ते प्रतिकूल ठरतात. गर्भाशय वाढत जाते तसतसे मध्यपटल वर ढकलले जाते व उच्छ्वासानंतर फुप्फुसांत शिल्लक राहणाऱ्या हवेचे प्रमाण सु. २० टक्क्यांनी कमी होते. याच काळात शरीराची ऑक्सिजनाची गरज मात्र वाढलेली असते. त्यामुळे न्यूमोनिया झाल्यास रक्तातील ऑक्सिजन झपाट्याने घटतो. रक्ताचे आकारमान व हृदयाचे कार्य वाढलेले असल्याने हृदयाकडे राखीव शक्ती थोडी उरते. रक्त गोठण्याची प्रवृत्तीही वाढते. गर्भ हा अर्ध्या अंशाने पित्याकडून आलेला, म्हणजे मातेच्या शरीराला परका असतो. त्याचा स्वीकार व्हावा म्हणून मातेच्या प्रतिरक्षायंत्रणेत फेरबदल होतात. ही यंत्रणा सरसकट दुर्बल होते, हे पूर्वीचे मत आता मान्य नाही. काही विषाणूंविरुद्धचा तिचा प्रतिसाद बदलतो, असे म्हणणे अधिक यथार्थ होय. उलट, मातेच्या रक्तातील प्रतिपिंडे वारेतून गर्भाकडे जातात व जन्मानंतर काही महिने अर्भकाचे रक्षण करतात. मातेला टोचलेल्या लशीचा लाभ अर्भकालाही मिळतो तो यामुळेच.

धोक्याचे स्वरूप सर्व रोगांत सारखे नसते. इन्फ्ल्यूएंझात मुख्य धोका मातेच्या प्राणाला असतो व गर्भाची हानी बहुधा त्याच्या अनुषंगाने होते. जर्मन गोवरात मातेचा आजार क्षुल्लक असून गर्भात कायमची व्यंगे उत्पन्न होतात. देवीसारख्या रोगात दोघांवरही संकट येते.

प्राचीन काळ ते एकोणिसावे शतक : गर्भवतीला तीव्र ज्वराचा आजार जडल्यास तो प्राणघातक ठरतो, अशा आशयाचे सूत्र हिपॉक्राटीझच्या नावावर प्रसिद्ध असलेल्या ग्रीक वैद्यकीय संग्रहात आढळते. देवीच्या साथीत गर्भपात व मातेचा मृत्यू या घटना नित्याच्या होत्या. त्यांचे पद्धतशीर निरीक्षण मात्र देवीच्या निर्मूलनाच्या अखेरच्या टप्प्यात झाले. मद्रास येथे ए. आर. राव व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० नंतरच्या काही वर्षांत केलेल्या अभ्यासात गर्भवतींमध्ये रक्तस्रावी प्रकारची देवी अधिक आढळते व मृत्युमानही अधिक असते, असे दिसून आले. पटकीमध्ये शरीरातील पाणी व क्षार कमी झाल्याने गर्भाचा रक्तपुरवठा खालावतो. त्यामुळे या साथीत माता वाचली, तरी गर्भ दगावणे सामान्य होते.

प्रसूतीच्या ठिकाणीच साथ पसरू शकते, हे सूतिका ज्वराच्या इतिहासाने दाखवून दिले. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथील अलेक्झांडर गॉर्डन यांनी १७९५ मध्ये हा ज्वर डॉक्टर व सुइणी यांच्यामार्फत एका बाळंतिणीकडून दुसरीकडे जातो, असे प्रतिपादन केले. व्हिएन्ना येथे १८४७ मध्ये इग्नाझ सेमेलव्हाइस यांनी क्लोरीनयुक्त द्रावणाने हात धुण्याची सक्ती करून मृत्युमान पुष्कळ खाली आणले. समकालीन वैद्यकवर्गाने या दोघांनाही विरोध केला. प्रसूतिगृह हे रक्षणाचे स्थान असते, तसेच संसर्गाचेही असू शकते, हा त्यातून मिळालेला धडा पुढील प्रत्येक साथीत उपयोगी पडला आहे.

१९१८ ची इन्फ्ल्यूएंझाची साथ : या साथीने जगभर काही कोटी माणसे मृत्युमुखी पडली. एरव्ही इन्फ्ल्यूएंझात लहान मुले व वृद्ध दगावतात. या वेळी २० ते ४० या वयोगटातील धडधाकट माणसांचे मृत्यू मोठ्या प्रमाणावर झाले. स्त्रियांच्या बाबतीत हाच प्रजननाचा काळ होय. शिकागो येथील कुक काउंटी रुग्णालयात इन्फ्ल्यूएंझा व न्यूमोनिया यांमुळे दाखल झालेल्या १०१ गर्भवतींपैकी सु. निम्म्या दगावल्या. अमेरिकेतील प्रसूतितज्ञ जे. डब्ल्यू. हॅरिस यांनी १,३५० रुग्ण गर्भवतींची माहिती जमवून ती १९१९ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांपैकी सु. निम्म्या स्त्रियांना न्यूमोनिया झाला होता आणि न्यूमोनिया झालेल्यांपैकी सु. निम्म्या मृत्यू पावल्या. एकूण मृत्युमान २७ टक्के होते. न्यूमोनिया झालेल्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणींचे गर्भारपण अकाली संपुष्टात आले. न्यूमोनिया न झालेल्यांतही हे प्रमाण सु. एकचतुर्थांश होते. असे आकडे काहीसे फुगलेले असणे शक्य आहे, कारण डॉक्टरांच्या स्मरणात व नोंदीत गंभीर रुग्णच अधिक राहतात. तथापि गर्भारपण हा इन्फ्ल्यूएंझातील स्वतंत्र धोका आहे, हे या संकलनाने प्रथमच ठळकपणे पुढे आले.

या साथीचा सर्वांत मोठा आघात भारतावर झाला. येथील मृत्यूंचे निरनिराळे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत व त्यापलीकडेही जातात. पहिली लाट जून १९१८ मध्ये मुंबईत सुरू झाली. सप्टेंबरमध्ये दुसरी व अधिक घातक लाट आली. ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. मुंबई इलाखा आणि मध्य प्रांत व वऱ्हाड यांना विशेष झळ पोहोचली. म्हणजे मराठी भाषिक प्रदेशाचा बराच मोठा भाग अतितीव्र तडाख्यात सापडला. त्याच वर्षी पावसाने दगा दिल्याने धान्य महागले होते व अपपोषण वाढले होते. आजच्या भारताच्या क्षेत्रापुरता विचार केल्यास १९११ ते १९२१ या दशकात लोकसंख्या ०·३१ टक्क्याने घटली. खानेसुमारीच्या इतिहासात अशी घट पुन्हा कधी झालेली नाही.

अनेक पाश्चात्त्य देशांत पुरुषांचे मृत्यू अधिक होते. भारतात मात्र स्त्रियांचे मृत्युमान पुरुषांहून अधिक भरले. घरातील आजाऱ्यांची शुश्रूषा स्त्रियांकडेच असे व स्वतः आजारी पडल्यावरही ती सुटत नसे. अंधाऱ्या व कोंदट घरांत त्यांचा वावर अधिक असे, आणि कुटुंबात अन्न तुटपुंजे असल्यास त्यांच्या वाट्याला कमी येई. यांत गर्भारपणाची भर पडली. त्या काळात बहुतेक बाळंतपणे घरीच सुईण करीत असे. मुंबईत कामा रुग्णालय १८८६ पासून स्त्रियांसाठी चालू होते. परंतु खेड्यापाड्यांतील स्त्रीच्या आवाक्यात अशी सोय नव्हती. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाण्याच्या प्रथेमुळे अवघडलेल्या स्त्रीला साथीच्या दिवसांतही प्रवास करावा लागे. ग्रामीण मृत्युनोंदीत बहुतेक मृत्यू ‘ताप’ या ढोबळ सदराखाली दाखविले जात. त्यामुळे १९१८ मध्ये मृत्यू पावलेल्या लक्षावधी भारतीय स्त्रियांपैकी गर्भवती किती होत्या, हे त्या नोंदींतून निघत नाही. अमेरिकेतील १,३५० गर्भवतींचा हिशोब राहिला व ज्या देशात मृत्यू सर्वाधिक झाले तेथील गर्भवतींचा राहिला नाही, ही विषमता या विषयाच्या इतिहासात लक्षणीय आहे. भारतात १९१९ मध्ये जन्मदरात मोठी घट झाली. प्रजननक्षम वयातील स्त्रीपुरुषांचे मृत्यू, गर्भपात व गर्भधारणेत पडलेला खंड या तिन्हींचा तो एकत्रित परिणाम होता.

१९५७ ची साथ व लसीकरणाची शिफारस : १९५७ मध्ये पसरलेल्या आशियाई इन्फ्ल्यूएंझाच्या वेळी प्रतिजैविके उपलब्ध होती. त्यामुळे जंतुजन्य न्यूमोनियावर उपचार करता येत असे व एकूण मृत्युमान १९१८ च्या मानाने पुष्कळ कमी राहिले. तथापि अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात या साथीत दगावलेल्या प्रजननक्षम वयातील स्त्रियांपैकी सु. निम्म्या गर्भवती असल्याचे आढळले. या अनुभवानंतर १९६० मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने वृद्ध व दीर्घकालीन रुग्ण यांच्याबरोबर गर्भवतींनाही इन्फ्ल्यूएंझाची लस टोचावी, अशी शिफारस केली. जागतिक आरोग्य संघटनेने मोसमी इन्फ्ल्यूएंझाच्या लसीकरणात गर्भवतींना सर्वोच्च अग्रक्रम द्यावा, असे २०१२ मध्ये सुचविले. या दोहोंमध्ये अर्धे शतक गेले.

जर्मन गोवर व थॅलिडोमाइड : सिडनी येथील नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांना १९४१ मध्ये जन्मजात मोतीबिंदू असलेली अर्भके अनपेक्षितपणे मोठ्या संख्येने आढळली. त्यांच्या मातांना गर्भारपणाच्या आरंभी जर्मन गोवर होऊन गेला होता, हा दुवा त्यांनी शोधून काढला. वार ही गर्भाभोवतीची अभेद्य भिंत आहे, या समजुतीला त्यामुळे तडा गेला. अमेरिकेत १९६४-६५ मध्ये आलेल्या या रोगाच्या साथीत सु. सव्वा कोटी लोकांना लागण झाली, सु. २०,००० बालके अंधत्व, बधिरता, हृदयदोष यांसारखी व्यंगे घेऊन जन्मली. १९६९ मध्ये तेथे लस वापरात आली. ही लस जिवंत विषाणूंपासून केलेली असल्याने गर्भवतींना देत नाहीत. मुलांना व गर्भधारणेपूर्वी स्त्रियांना ती देऊन भावी गर्भाचे रक्षण केले जाते.

याच सुमारास थॅलिडोमाइड या औषधाने हाहाकार उडविला. गर्भवतींना मळमळीवर दिल्या जाणाऱ्या या औषधामुळे जगात सु. १०,००० बालके हातापायांची व इतर व्यंगे घेऊन जन्मली व १९६१ च्या अखेरीस ते पश्चिम जर्मनीत मागे घेण्यात आले. वस्तुतः गर्भारपणातील पुरेशा चाचण्यांवाचून औषध बाजारात आणल्याने हा अनर्थ घडला होता. परंतु त्यातून निघालेला व्यावहारिक निष्कर्ष उलट ठरला. गर्भवतींना, किंबहुना गर्भधारणा होऊ शकेल अशा सर्वच स्त्रियांना, औषधांच्या चाचण्यांपासून दूर ठेवण्याची प्रथा रूढ झाली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७७ मध्ये प्रारंभिक चाचण्यांच्या बाबतीत तसे मार्गदर्शक तत्त्व घालून दिले व ते १९९३ पर्यंत टिकले. चाचणीत समावेश नाही म्हणून माहिती नाही, आणि माहिती नाही म्हणून वापरास अनुमती नाही, असे चक्र यातून निर्माण झाले. जोखीम अशाने नाहीशी झाली नाही. ती चाचणीतील देखरेखीखालून प्रत्यक्ष साथीच्या गोंधळात गेली. हे चक्र भेदता येते, याचे उदाहरण एड्सच्या साथीत मिळाले. एचआयव्हीबाधित गर्भवतींचा समावेश करून केलेल्या चाचणीत झिडोव्ह्यूडीन या औषधाने मातेकडून अर्भकाकडे जाणारा संसर्ग २५·५ टक्क्यांवरून ८·३ टक्क्यांवर येतो, असे १९९४ मध्ये सिद्ध झाले.

भारतातील काविळीच्या साथी : दूषित पाण्यातून पसरणाऱ्या ई प्रकारच्या यकृतशोथाने गर्भवतींना असलेल्या धोक्याचे अत्यंत तीव्र उदाहरण पुरविले व ते प्रामुख्याने भारतात अभ्यासले गेले. दिल्लीत १९५५-५६ मध्ये यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळल्याने सु. २९,००० लोकांना कावीळ झाली. गर्भवतींचे मृत्युमान इतरांहून अधिक असल्याचे तेव्हा दिसले. काश्मीर खोऱ्यात १९७८ मध्ये आलेल्या साथीचा अभ्यास मोहम्मद सुलतान खुरू यांनी केला. कावीळ झालेल्या गर्भवतींपैकी सु. एकपंचमांश स्त्रियांना यकृत झपाट्याने निकामी करणारा प्रकार झाला. गर्भवती नसलेल्या रुग्ण स्त्रियांत तो आढळला नाही. या रोगावर चीनमध्ये २०११ मध्ये लस संमत झाली. साथ रोखण्यासाठी ती प्रथम २०२२ मध्ये दक्षिण सूदानातील बेंटिउ येथील निर्वासितांच्या छावणीत वापरली गेली आणि त्या वेळी गर्भवतींनाही देण्यात आली. शुद्ध पाणी व मलनिःसारण हा मात्र यावरील मूलभूत उपाय आहे.

२००९ नंतरच्या साथी : जून २००९ मध्ये जागतिक साथ म्हणून घोषित झालेल्या एच१एन१ इन्फ्ल्यूएंझाचा, म्हणजे लोकभाषेतील स्वाइन फ्लूचा, भारतातील पहिला मृत्यू ऑगस्टमध्ये पुण्यात झाला. अमेरिकेत लोकसंख्येत गर्भवतींचे प्रमाण सु. एक टक्का असताना या साथीतील मृत्यूंत ते सु. पाच टक्के होते. लक्षणे दिसू लागल्यापासून दोन दिवसांच्या आत ऑसेल्टामिव्हिर हे औषध मिळालेल्या गर्भवतींच्या तुलनेने चार दिवसांनंतर ते मिळालेल्यांना अतिदक्षता विभागात हलविण्याची वेळ कितीतरी अधिक वेळा आली. औषध गर्भाला बाधेल या भीतीने केलेली दिरंगाई मातेला व पर्यायाने गर्भालाही कशी महागात पडते, हे यावरून स्पष्ट झाले.

ब्राझीलमध्ये २०१५ मध्ये डासांमार्फत पसरलेल्या झिका विषाणूमुळे मस्तक व मेंदू यांची वाढ खुंटलेली अर्भके जन्मू लागली. काही लॅटिन अमेरिकन शासनांनी स्त्रियांना गर्भधारणा लांबणीवर टाकण्याचा सल्ला दिला. गर्भनिरोधक साधने ज्यांना सहज मिळत नाहीत, अशा स्त्रियांना हा सल्ला पाळणे कठीण होते. महाराष्ट्रात झिकाचा पहिला रुग्ण २०२१ मध्ये पुणे जिल्ह्यातील बेलसर येथे आढळला. २०२४ मध्ये पुणे शहरातील रुग्णांत अनेक गर्भवती होत्या. झिकाबाधित गर्भवतींच्या गर्भाची वाढ ध्वनिलहरीचित्रणाने ठराविक अंतराने तपासली जाते.

कोविड-१९ : २०२० च्या आरंभी या रोगाचे गर्भारपणावरील परिणाम अज्ञात होते. त्या वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतील मोठ्या आकडेवारीवरून, समवयस्क इतर रुग्ण स्त्रियांच्या तुलनेने गर्भवतींना अतिदक्षता व कृत्रिम श्वसन यांची गरज दुपटीहून अधिक प्रमाणात लागते, असे दिसून आले. अकाल प्रसूतीचे प्रमाणही वाढले होते. महाराष्ट्रात राष्ट्रीय जननस्वास्थ्य संशोधन संस्थेने शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या सहकार्याने कोविडबाधित गर्भवतींची नोंदवही ठेवली. १९१८ मध्ये जे झाले नव्हते ते या वेळी झाले, हे या नोंदवहीचे महत्त्व होय. मुंबईतील नायर रुग्णालयातील नोंदींनुसार पहिल्या लाटेत १,१४३ बाधित गर्भवती व बाळंतिणींपैकी ८, म्हणजे ०·७ टक्के, मृत्यू पावल्या. दुसऱ्या लाटेत ३८७ पैकी २२, म्हणजे ५·७ टक्के, मृत्यू पावल्या.

लशींच्या प्रमुख चाचण्यांतून गर्भवतींना वगळण्यात आले होते. परिणामी लस उपलब्ध झाल्यावर निरनिराळ्या देशांनी परस्परविरोधी सल्ले दिले. अमेरिकेत गर्भवतींना लस घेण्याची मुभा डिसेंबर २०२० पासूनच होती. ब्रिटनमध्ये ती सर्वसाधारणपणे न घेण्याचा सल्ला प्रथम देण्यात आला व एप्रिल २०२१ मध्ये तो बदलला. भारतात लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले. स्तनपान देणाऱ्या मातांना मे महिन्यात व गर्भवतींना २ जुलै २०२१ रोजी लस घेण्यास अनुमती मिळाली. तोवर दुसरी लाट ओसरत आली होती. लस गर्भवतींना सुरक्षित असल्याचे व गंभीर आजार टाळण्यास परिणामकारक असल्याचे पुढील काळात अनेक देशांतील अनुभवाने निश्चित झाले. ब्रिटनमध्ये मे ते ऑक्टोबर २०२१ या काळात कोविडमुळे रुग्णालयात दाखल झालेल्या गर्भवतींपैकी सु. ९६ टक्के स्त्रियांनी लस घेतलेली नव्हती. आधीच्या संदिग्ध सल्ल्याने निर्माण झालेली शंका अनुमती मिळाल्यानंतरही बराच काळ टिकली.

सेवा खंडित झाल्याचे परिणाम : संसर्ग न झालेल्या गर्भवतीलाही साथीचा धोका पोहोचतो. रुग्णालये साथीच्या रुग्णांसाठी राखली जातात, वाहतूक बंद पडते व संसर्गाच्या भीतीने स्त्रिया तपासणीस येत नाहीत. पश्चिम आफ्रिकेतील २०१४-१५ च्या इबोला साथीत सिएरा लिओनमध्ये असेच घडले. नेपाळमधील नऊ रुग्णालयांच्या पाहणीत, २०२० मधील टाळेबंदीच्या काळात तेथील प्रसूतींची संख्या निम्म्यावर आली आणि मृतजन्मांचे प्रमाण दर हजारी १४ वरून २१ वर गेले, असे आढळले. भारतात १९१८ मध्ये प्रसूती घरी होत असल्याने हा प्रश्न फारसा उद्‌भवला नव्हता. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील सु. ८९ टक्के व महाराष्ट्रातील सु. ९५ टक्के प्रसूती संस्थांत होत होत्या. त्यामुळे प्रसूतिसेवा अखंड चालू ठेवणे हाच साथनियंत्रणाचा एक भाग बनला.

संरक्षणाचे उपाय : वरील अनुभवांतून काही सर्वमान्य तत्त्वे निष्पन्न झाली आहेत. साथीच्या काळात गर्भवतीने गर्दी टाळावी, हात धुवावे, मुखपट्टी वापरावी व बंद जागेत खेळती हवा ठेवावी. घरातील इतरांनीही हे नियम पाळणे तितकेच आवश्यक असते, कारण तिला संसर्ग बहुधा त्यांच्याकडूनच होतो. प्रसूतिपूर्व तपासण्या थांबवू नयेत. भेटींची संख्या कमी करावी लागल्यास रक्तदाब, रक्तक्षय व गर्भाची वाढ यांवरील लक्ष ढळू देऊ नये. ताप, धाप लागणे, गर्भाची हालचाल मंदावणे, रक्तस्राव ही लक्षणे दिसताच विलंब न लावता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. रुग्णालयात बाधित व अबाधित स्त्रियांची व्यवस्था वेगळी ठेवली जाते. केवळ संसर्ग झाला म्हणून शस्त्रक्रियेने प्रसूती करण्याचे कारण नसते. कोविडच्या बाबतीत नवजात अर्भकाला मातेजवळ ठेवावे व मुखपट्टी लावून स्तनपान चालू ठेवावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. इबोलासारख्या रोगात मात्र मातेच्या दुधातून विषाणू जात असल्याने हा नियम लागू पडत नाही.

निष्क्रिय विषाणूंपासून बनविलेली इन्फ्ल्यूएंझाची लस व धनुर्वाताची लस गर्भारपणात दिल्या जातात. जिवंत विषाणूंच्या लशी सामान्यतः टाळल्या जातात. हा भेद इबोलाच्या साथीत कसोटीस लागला. काँगोमध्ये २०१८ मध्ये सुरू झालेल्या साथीत जिवंत विषाणूंची लस गर्भवतींना प्रथम नाकारली गेली. ज्या रोगात गर्भवती व गर्भ यांचा मृत्यू जवळजवळ अटळ, त्याविरुद्धची लस गर्भाच्या काळजीपोटी रोखून धरणे समर्थनीय नाही, असा आक्षेप तिच्यावर घेण्यात आला आणि २०१९ च्या आरंभी ते धोरण बदलले. औषध किंवा लस देण्यातील जोखमीबरोबरच ती न देण्यातील जोखीमही मोजली पाहिजे, हे तत्त्व त्यातून अधोरेखित झाले. नव्या लशीची प्राण्यांवरील गर्भविषयक तपासणी आरंभीच करावी, चाचणीच्या योग्य टप्प्यावर इच्छुक गर्भवतींना सहभागी करून घ्यावे आणि साथीच्या पहिल्या दिवसापासून रुग्णनोंदीत गर्भारपणाचा स्वतंत्र रकाना ठेवावा, यावर आता तज्ञांचा भर आहे.